मृदायांत्रिकीची स्वस्त उपकरणे : काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला मृदायांत्रिकी, म्हणजे मातीच्या बळाचे आणि वागण्याचे शास्त्र, शिकवते. आमच्या प्रयोगशाळेत एक जुना तराजू, चाळण्यांचा एक संच आणि बंद पडलेले डायरेक्ट शिअरचे (पेटीतली माती कातरून तिचे बळ मोजण्याचे) यंत्र एवढेच आहे. नवी यंत्रे घेण्याइतका निधी मिळण्याची शक्यता नाही. मात्र संस्थेचे वर्कशॉप चांगले आहे, तेथे लेथ आहे, कसबी फिटर आहे आणि अलीकडेच थ्रीडी प्रिंटरही आला आहे. उपकरणे आपणच तयार करावीत आणि सुरुवात ट्रायॲक्सिअलपासून (मातीच्या नमुन्याला सर्व बाजूंनी दाब देऊन तो मोडण्याच्या यंत्रापासून) करावी, असे मला वाटते. माझ्या सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की अशा उपकरणांवर आलेले आकडे चुकीचे असतात आणि चुकीचे आकडे शिकवण्यापेक्षा प्रयोग न केलेला बरा. मी काय करावे?

उत्तर :

महोदया,

आपण उपकरणे जरूर तयार करा, परंतु सुरुवात ट्रायॲक्सिअलपासून करू नका. त्याची कारणे पुढे सांगतो. त्याआधी आपल्या सहकाऱ्यांच्या आक्षेपाचा विचार करायला हवा, कारण तो अगदीच निराधार नाही. पाया, धरण किंवा भराव यांच्या संकल्पनासाठी लागणारा आकडा प्रमाणित पद्धतीने आणि तपासलेल्या यंत्रावरच काढला पाहिजे, यात शंका नाही, आणि वर्कशॉपमध्ये तयार झालेल्या उपकरणावरचा निष्कर्ष कोणी प्रत्यक्ष बांधकामासाठी मागितला तर तो आपण देऊ नये. पण शिकवण्याच्या प्रयोगाचे प्रयोजन वेगळे असते. तेथे विद्यार्थ्याला मातीचे वागणे दिसले पाहिजे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपल्या हाती आलेला आकडा किती विश्वासार्ह आहे हे त्याला स्वतः सांगता आले पाहिजे. यंत्राच्या पडद्यावर उमटलेला आकडा वहीत उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्याला हे दुसरे कौशल्य सहसा येत नाही, मग ते यंत्र कितीही महागडे असो.

हा विषय मुळात उभा राहिला तोच साध्या उपकरणांवर. फ्रेंच अभियंते दार्सी यांनी 1856 साली प्रसिद्ध केलेला पाझराचा (मातीतून पाणी वाहण्याचा) नियम वाळू भरलेल्या उभ्या नळकांड्यातून वाहणारे पाणी मोजून मिळाला होता. तेर्झागी यांनी इस्तंबूलच्या रॉबर्ट कॉलेजमध्ये शिकवत असताना हाताशी असलेल्या साध्या वस्तूंतून उपकरणे जुळवली, चिकणमातीवर प्रयोग केले आणि 1925 च्या ग्रंथात घनीकरणाचा (भाराखाली मातीतले पाणी हळूहळू निघून ती दबण्याचा) सिद्धांत सविस्तर मांडला. त्यांची साधने साधी होती, पण मोजमाप काटेकोर होते. आपल्याला काटकसरीचे जे तत्त्व हवे आहे, ते येथेच सापडते.

महाग यंत्राची किंमत अनेक गोष्टींत वाटली गेलेली असते : मोटर, आकडे दाखवणारा पडदा, वेळेची बचत, चकचकीत रंगकाम, प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष मोजमापाची अचूकता. यांपैकी सोय सोडता येते, मोजमाप सोडता येत नाही. उपकरणाचे माप प्रमाणग्रंथातल्याइतकेच असण्याची गरज फार थोड्या ठिकाणी असते, मात्र ते नेमके किती आहे हे माहीत असण्याची गरज सर्वत्र असते. माती ठोकून घट्ट करण्याच्या प्रॉक्टर यांच्या पद्धतीतला साचा 944 घन सेंटिमीटरचा असतो. आपल्या फिटरने पाइपचा तुकडा कापून केलेला साचा 931 घन सेंटिमीटरचा भरला तर काहीही बिघडत नाही. त्याच्या कडेला ग्रीस लावून, वर काच ठेवून, आत मावणाऱ्या पाण्याचे वजन करा आणि तो आकडा साच्यावर कोरून ठेवा. 2.5 किलोचा घण 305 मिलिमीटरवरून तीन थरांत प्रत्येकी 25 वेळा पडला, की दर घनमीटरला सुमारे 600 किलोज्यूल ऊर्जा मातीला मिळते. साचा थोडा लहान असेल तर ठोक्यांची संख्या किंचित बदलून ऊर्जा तेवढीच ठेवता येते, आणि हे गणित विद्यार्थ्यांनीच करावे. साचा मात्र काँक्रीटच्या जमिनीवर ठेवावा. हलणाऱ्या टेबलावर ठेवला तर ऊर्जेचा काही भाग टेबल खाते आणि तो किती हे कोणालाच कळत नाही.

असे न दिसणारे दोष हेच खरे धोक्याचे असतात. त्यामुळे पहिला खर्च तराजू आणि ओव्हनवर करा. पाण्याचे प्रमाण हे जवळजवळ प्रत्येक प्रयोगाचे एक अंग असते आणि तेथली चूक पुढच्या सगळ्या आकड्यांत गुपचूप शिरते. 0.01 ग्रॅमपर्यंत वाचता येणारा तराजू आणि त्याच्याबरोबर काही प्रमाणित वजने विकत घ्या, त्यात तडजोड नको. ओव्हन साधा चालेल, पण त्याच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका. आत स्वतंत्र तापमापक ठेवून, वेगवेगळ्या कप्प्यांत तापमान खरोखर 105 ते 110 अंशांच्या दरम्यान राहते का, हे पाहा. जिप्सम किंवा सेंद्रिय द्रव्य असलेल्या मातीसाठी हे तापमान जास्त होते, ती 60 अंशांच्या आसपास वाळवावी लागते.

काही उपकरणे मात्र अशी आहेत, की त्यांची रचना हीच त्या गुणधर्माची व्याख्या असते. कासाग्रांदे यांचा लिक्विड लिमिट (माती पातळ होऊन वाहू लागते ते पाण्याचे प्रमाण) मोजण्याचा कप हे त्याचे उदाहरण. कप 10 मिलिमीटरवरून सेकंदाला दोनदा पडला पाहिजे हे साधता येईल, पण खालच्या रबरी पायाचा कठीणपणा बदलला की ठोक्यांची संख्या बदलते आणि तो कठीणपणा वर्कशॉपमध्ये नेमका साधणे अवघड असते. त्यामुळे हा कप स्वतः बनवू नका. त्याऐवजी पडणारा शंकू बनवा. 30 अंशांचा, दांड्यासह 80 ग्रॅम वजनाचा, टोकदार आणि गुळगुळीत शंकू लेथवर उत्तम होतो. पाच सेकंदांत तो 20 मिलिमीटर रुतला की त्या मातीतले पाणी लिक्विड लिमिटइतके मानतात. या प्रयोगाचा एक मोठा गुण असा, की तो लहानशा चुका पोटात घालतो. रुतण्याच्या वाचनात 1 मिलिमीटरची चूक झाली तर मातीच्या बळात ती सुमारे दहा टक्क्यांची होते. परंतु प्लास्टिक लिमिट (ज्याच्या खाली माती मळता न येता तुटते ते पाण्याचे प्रमाण) आणि लिक्विड लिमिट यांच्या दरम्यान हे बळ ढोबळमानाने शंभरपट बदलत असल्यामुळे, पाण्याच्या प्रमाणात ती चूक प्लास्टिसिटी इंडेक्सच्या (या दोन मर्यादांमधल्या अंतराच्या) दोन टक्क्यांइतकीच उरते. इंडेक्स 30 असेल तर फरक 0.6 चा. कोणती चूक निकालात मोठी होते आणि कोणती विरून जाते, हे विद्यार्थ्यांना दाखवायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

पहिले उपकरण म्हणून माझी निवड विचाराल तर मी पाझराची उभी नळी सांगेन. पारदर्शक ॲक्रिलिकची नळी घ्या. तिचा व्यास वाळूच्या सर्वांत मोठ्या कणाच्या निदान दहापट असावा. खाली जाळी आणि खडीचा थर द्या, पाण्याची पातळी स्थिर ठेवण्यासाठी वर बाहेर सांडणारी नळी बसवा आणि वाळूच्या उंचीत दोन ठिकाणी दाब मोजण्याच्या बारीक नळ्या जोडा. पाण्याची उंची फक्त वरच्या आणि खालच्या टाकीत मोजली तर जाळी आणि जोडण्यांत होणारा ऱ्हासही वाळूच्या नावावर मांडला जातो, म्हणून दाब वाळूच्या आतच मोजायचा. वाळू नेहमी खालून वर पाणी चढवत भिजवा आणि नळाचे ताजे पाणी रात्रभर उघडे ठेवून वापरा, नाहीतर पाण्यातले हवेचे बुडबुडे वाळूत अडकतात आणि पाझर तासागणिक कमी होत जातो.

याच नळीत प्रवाह उलटा करून पाणी खालून वर सोडा. वाळूवर एखादे लहान पण जड धातूचे वजन ठेवा आणि खालची पाण्याची पातळी थोडीथोडी वाढवत न्या. कणांची विशिष्ट घनता 2.65 आणि पोकळीचे गुणोत्तर (पोकळी आणि घन कण यांच्या आकारमानांचे) 0.65 असेल, तर क्रांतिक ग्रेडियंट (वाळू उचलली जाते तेव्हाचा, वाळूच्या दर एकक उंचीमागचा पाण्याच्या पातळीतला फरक) 1.65 भागिले 1.65 म्हणजे बरोबर 1 येतो. म्हणजे 20 सेंटिमीटर वाळूसाठी सुमारे 20 सेंटिमीटरचा जलदाब. तेथवर वजन निश्चल उभे असते, त्याच्या आसपास वाळू किंचित फुगते आणि वजन बुडून जाते. इफेक्टिव्ह स्ट्रेस (पाण्याचा दाब वजा जाता मातीच्या कणांनी पेललेला दाब) ही संकल्पना फळ्यावर कितीही वेळा समजावली तरी विद्यार्थ्यांच्या मनात ती समीकरणच राहते. येथे ती डोळ्यांसमोर शून्य होते. विद्यार्थ्यांनी ग्रेडियंट आधी गणिताने काढावा, नळीवर खूण करावी आणि मगच पाणी चढवावे. प्रयोगशाळेत दुसरे काहीच होऊ शकले नाही तरी एवढा प्रयोग व्हावा, असे मला मनापासून वाटते.

त्याच साहित्यातून पुढे एक अरुंद काचेची टाकी करता येते. मध्ये शीट पाइल (जमिनीत ठोकलेली पातळ भिंत) म्हणून पत्रा उभा करा आणि वरच्या बाजूला काचेलगत पोटॅशियम परमँगनेटचे काही कण ठेवा, की प्रवाहरेषा काचेवर उमटतात आणि हाताने काढलेल्या फ्लो नेटशी (प्रवाहरेषांच्या जाळीदार आकृतीशी) त्या ताडून पाहता येतात. कणांच्या आकारासाठी उंच काचेचे भांडे पुरते. स्टोक्सच्या नियमाप्रमाणे 0.075 मिलिमीटरचा कण पाण्यात 10 सेंटिमीटर उतरायला सुमारे 20 सेकंद घेतो आणि 0.002 मिलिमीटरच्या कणाला त्याच अंतरासाठी पावणेआठ तासांच्या आसपास लागतात. सकाळी ढवळलेले पाणी संध्याकाळीही गढूळ का असते, याचे उत्तर त्यातच आहे. माती सुटी करण्यासाठी सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट टाकायला विसरू नका.

आता आपल्या बंद पडलेल्या शिअर यंत्राकडे वळू. ते टाकून देऊ नका. बहुधा मोटर किंवा गिअर निकामी झाला असेल, आणि या दोन्ही गोष्टी सोयीच्या आहेत. पेटी चांगली असेल तर यंत्राचा महत्त्वाचा भाग आपल्याजवळ आहेच. 60 मिलिमीटर बाजूच्या पेटीत 100 किलोपास्कलचा उभा दाब द्यायला 360 न्यूटन, म्हणजे सुमारे 37 किलो भार लागतो. तो थेट टांगणे गैरसोयीचे आहे, परंतु एकास पाच तरफ लावली की साडेसात किलोंत काम होते. वरची अर्धी पेटी, झाकण आणि तरफेचा स्वतःचा भार यांचे वजन हिशेबात धरा, कारण 20 किंवा 30 किलोपास्कलच्या प्रयोगात ते लक्षणीय असते. ओढणी दोन अर्ध्या पेट्यांमधल्या फटीच्या पातळीवरच असू द्या, अन्यथा पेटी तिरपी होते.

ओढण्यासाठी अनेक ठिकाणी बादली टांगून तीत पाणी ओततात. हा उपाय स्वस्त आहे, पण मी तो सुचवणार नाही. भार वाढवत नेल्यावर वाळूचे कमाल बळ ओलांडताच पेटी एकदम सरकते आणि पुढचे काहीच मोजता येत नाही. घट्ट भरलेली वाळू कमाल बळानंतर कशी सैलावते आणि सैल भरलेली वाळू त्याच पातळीकडे खालून कशी येते, हा तर या प्रयोगाचा आत्मा आहे. म्हणून ओढणी स्क्रूने करा. 10 मिलिमीटर जाडीच्या नेहमीच्या आट्याच्या दांड्याचा पिच (एका फेऱ्यात पुढे सरकण्याचे अंतर) 1.5 मिलिमीटर असतो. मिनिटाला पाऊण फेरा हाताने फिरवला तर वेग सुमारे 1.1 मिलिमीटर होतो आणि कोरड्या वाळूसाठी तो योग्य आहे. बळ मोजायला स्प्रिंगचा काटा किंवा लोड सेल (भाराचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा संवेदक) चालतो. झाकणावर एक उभे डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारे माप) अवश्य लावा. घट्ट वाळू कातरताना फुगते आणि सैल वाळू दबते, हे त्या गेजखेरीज दिसत नाही, आणि बहुतेक विद्यार्थ्यांना फुगणारी वाळू पाहून मनापासून आश्चर्य वाटते. वाळू भरण्याआधी रिकामी पेटी ओढून घर्षण मोजा आणि ते वजा करा. शेवटी एक स्वतंत्र पडताळा घ्या : तीच कोरडी वाळू हलकेच ओतून ढीग करा आणि उताराचा कोन मोजा. पेटीतून आलेला, मोठ्या सरकण्यानंतरचा घर्षणकोन (कातरबळ आणि उभा भार यांच्या गुणोत्तरातून येणारा कोन) या कोनाच्या जवळ असायला हवा. दोहोंत आठ-दहा अंशांचा फरक पडला तर पेटीत कोठेतरी काही अडकते आहे.

घनीकरणाचे यंत्र शिअर पेटीनंतर हाती घ्या. चौकट आणि एकास दहा तरफ वेल्डिंगने होते. नमुन्याची कडी मात्र धातूची, आतून गुळगुळीत आणि व्यास उंचीच्या निदान अडीचपट अशी हवी, नाहीतर कडेच्या घर्षणात भाराचा बराच भाग हरवतो. जाड वाळू आणि थोडे इपॉक्सी यांच्या मिश्रणातून सच्छिद्र चकत्या करता येतात. चकतीवर ओतलेले पाणी सहज आरपार गेले, की ती चिकणमातीसाठी पुरेशी आहे असे समजावे. मातीच्या जागी पोलादी चकती ठेवून प्रत्येक भाराला चौकट स्वतः किती दबते ते नोंदवा आणि नंतर मातीच्या वाचनातून ते वजा करा. हलक्या चौकटीत ही दुरुस्ती टाळली, तर कठीण मातीचे अर्धे दबणे चौकटीचेच असू शकते. या प्रयोगाला दिवस लागतात, म्हणून वर्गाने पाळीपाळीने वाचने घ्यावीत. वेळ निचऱ्याच्या अंतराच्या वर्गाने वाढतो, हे नंतर हिशेबाने दाखवा. 20 मिलिमीटर जाडीच्या नमुन्याला 45 मिनिटे लागली, तर त्याच मातीच्या, तसाच दोन्ही बाजूंनी निचरा होणाऱ्या 4 मीटरच्या थराला 40,000 पट वेळ, म्हणजे जवळजवळ साडेतीन वर्षे लागतील.

आता ट्रायॲक्सिअल. ते आधी करू नका, असे मी म्हणतो त्याचे पहिले कारण सुरक्षिततेचे आहे. वर्कशॉपमध्ये जोडलेल्या ॲक्रिलिकच्या पात्रात दाबाखालची हवा कधीही भरू नये. दाबलेल्या हवेत बरीच ऊर्जा साठते आणि जोड सुटला तर तुकडे वेगाने उडतात. पाण्याचा दाब तुलनेने सुरक्षित असतो, पण केवळ उंचीवरच्या टाकीने 100 किलोपास्कल मिळवायला ती 10 मीटर वर न्यावी लागते. दुसरे कारण असे, की छिद्रजलदाब (मातीच्या पोकळ्यांतल्या पाण्याचा दाब) मोजताना नळीत राहिलेला हवेचा एक बुडबुडाही वाचन बिघडवतो आणि ती चूक सहजासहजी दिसत नाही.

तरीही आपल्याला हा प्रयोग वर्गात आणता येईल. कोरड्या वाळूचे नळकांडे पातळ रबरी आवरणात भरा, दोन्ही टोकांना चकत्या लावून आवरण घट्ट बांधा आणि आतली हवा हातपंपाने ओढून घ्या. बाहेरचा वातावरणाचा दाब हाच मग चारही बाजूंचा दाब होतो. पात्र लागत नाही. साचा काढून घेतला, की काही क्षणांपूर्वी मुठीतून निसटणारी वाळू खांबासारखी उभी राहते. व्हॅक्यूम गेज 50 किलोपास्कल दाखवत असेल आणि घर्षणकोन 35 अंश असेल, तर 50 मिलिमीटर व्यासाचा नमुना सुमारे 265 न्यूटन, म्हणजे 27 किलो भाराला मोडायला हवा. हा भार साध्या वजनांनीही देता येतो. विद्यार्थ्यांनी आधी भाकीत लिहावे, मग वजने एकेक करून ठेवावीत. रचलेली वजने कोसळणार हे गृहीत धरून दोन्ही बाजूंना अडसर लावा आणि पाय दूर ठेवा. आवरणाला गळती असेल तर गेजचा काटा हळूहळू उतरतो, त्यामुळे येथला दोष लपत नाही. व्हॅक्यूमसाठी मध्ये ठेवायचे भांडे जाड भिंतीचे आणि त्याच कामासाठी बनवलेले असावे, साधी काचेची बाटली वापरू नये.

थ्रीडी प्रिंटरचा उपयोग झाकणे, नळ्यांचे जोड, डायल गेजचे धारक, वाळू एकसारखी ओतण्याचे नरसाळे यांसाठी करा. त्यावरचे नेहमीचे पीएलए प्लास्टिक सतत भाराखाली हळूहळू वाकते आणि 60 अंशांच्या आसपास मऊ पडते. त्यामुळे तरफ, घनीकरणाची कडी किंवा ओव्हनमधली कोणतीही वस्तू त्याची करू नका. छापलेल्या थरांमधून पाणीही झिरपते. लोड सेल आणि छोटा मायक्रोकंट्रोलर जोडून नोंदी आपोआप घेता येतात आणि विद्यार्थ्यांना ते आवडते, परंतु ही जोडणी दुसऱ्या वर्षी करा. सिग्नल वाचणारी चिप 24 बिटांची आहे म्हणून मोजमाप तितके अचूक होत नाही. लोड सेलचे वाचन तापमानाने आणि बराच वेळ भार राहिल्यानेही सरकते, म्हणून प्रत्येक सत्राच्या आधी आणि नंतर माहीत असलेली वजने टांगून ते तपासावे लागते. पहिल्या वर्षी डायल गेज, स्टॉपवॉच आणि आलेखाचा कागद पुरेसा आहे.

उपकरणे कोणी करावीत, हे आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. कातकाम आणि वेल्डिंग फिटरने करावे, कारण त्यात कौशल्य आणि इजेचा धोका दोन्ही आहेत. मापे घेणे, अंशांकन (माहीत असलेल्या मापांशी उपकरण ताडणे) करणे आणि दुरुस्तीचा आकडा ठरवणे हे काम मात्र प्रत्येक तुकडीने नव्याने करावे. मागच्या तुकडीचा आकडा त्यांना आधी दाखवू नये. प्रत्येक उपकरणाला एक वही ठेवा आणि तीत मोजलेली मापे, अंशांकनाचे आलेख, तारखा आणि केलेले बदल लिहिले जाऊ द्या.

आपल्या सहकाऱ्यांनाही या कामात घ्या. त्यांच्या शंकेचा उपयोग पडताळणीत होईल. धुऊन, वाळवून, चाळलेली एकाच प्रकारची वाळू मोठ्या डब्यात बंद करून ठेवा आणि दर सत्राच्या सुरुवातीला तिच्यावर पाझर, कमाल व किमान घनता आणि शिअर हे प्रयोग त्यांच्याच देखरेखीखाली करा. शक्य झाल्यास त्याच वाळूचा एक नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत एकदा तपासून घ्या आणि तो निकाल वहीच्या पहिल्या पानावर लावा. एखाद्या सत्रात आकडा नेहमीच्या चढउताराबाहेर गेला तर वाळू तीच असल्यामुळे दोष उपकरणात किंवा हातात आहे हे कळते, आणि तो सापडेपर्यंत त्या उपकरणावर वर्गाचा प्रयोग लावू नये. डबा निम्म्यावर आला की नवी वाळू आणून जुन्या वाळूबरोबर तिचे सगळे प्रयोग करून घ्या, म्हणजे आधीच्या वर्षांच्या नोंदींशी तुलना पुढेही करता येईल.